डबा रिकामा पाठवू नये

आई, माझ्यासमोर ओट्यावर एक डबा आहे आणि तो आपला नाही. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, कडेला पोचा आलेला. झाकणावर एका बाईचं नाव कोरलेलं आहे, लग्नात माहेरून मिळालेल्या भांड्यांवर असतं तसं. आत खुरसणीची, इथे कारळं म्हणतात तिची, चटणी आहे, ताजी कुटलेली. लोणावळ्यात राहून खुरसणी बघायला मिळून किती वर्षं झाली ते मला आठवत नाही. एरवी मी तव्यावरची भाकरी उतरायची वाटही पाहिली नसती. आज दुपारपासून झाकण लावून नुसती समोर बसले आहे.

पत्र लिहायची सवय आपल्या दोघींनाही नव्हती. तुला अक्षरं कळायची ती एसटीच्या पाटीपुरती, आणि मी कायम तुझ्या पदराजवळ, मग पत्र लिहायचं कुणी कुणाला? तू जाऊन वीस वर्षं झाली. तू असताना जे बोलले नाही ते आता बोलून काय उपयोग, असा इतके दिवस माझा हेका होता. आज तो सोडते, कारण दुसरं कुणी नाही. हे गुजरातेत कारखान्यावर, दोन-दोन महिने येत नाहीत. फोनवर मी असं काही काढलं की ‘लहान आहेत गं, चालायचंच’ म्हणून मोकळे होतात. मुलगी आतल्या खोलीत दार लोटून बसली आहे. शेजारणीला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. सांगितली तर जिना उतरेपर्यंत तळमजल्यावर पोचेल. म्हणून तू.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे तूच शिकवलंस. कार्ल्याला आपल्या आळीत कुणाकडून वाटीभर खीर आली की ती वाटी घासून, पुसून, त्यात काहीतरी घालूनच जायची. वांगं, चार मिरच्या, मूठभर शेंगा. घरात काहीच नसलं तर तू चिमूटभर साखर घालायचीस. एकदा मी घाईत शेजारच्या मावशीची वाटी तशीच नेऊन दिली, तर तू मला परत पाठवलंस. त्या मावशीच्या हातातली वाटी मागून घेऊन मी त्यात लिंबू टाकलं आणि पुन्हा तिच्याच हातात दिली. ती हसून हसून बेजार झाली. तू म्हणालीस, “हसंना का. रितं भांडं धाडलं की माणसाला वाटतं, हिच्या मनात आपल्यासाठी काय न्हाई.” ते वाक्य माझ्या हाडात बसलं आहे. त्याचाच हा सगळा घोळ आहे.

पाचवीला तू मला लोणावळ्याच्या शाळेत घातलंस. गावात शाळा होती, पण तू रोज चिक्कीच्या कारखान्यात यायचीस, तुला वाटलं पोरगी नजरेसमोर राहील आणि शिकेलही. आबा देहूरोडच्या डेपोत हमालीला, शनिवारी घरी यायचे. सकाळी आपण दोघी एकाच बसने यायचो. तू कारखान्यापाशी वळायचीस, मी पुढे शाळेत. संध्याकाळी मी कारखान्याच्या मागच्या दारात पायरीवर बसून तुझी वाट बघायचे. आत गुळाचा पाक कढत असायचा, तू तेल लावलेल्या टेबलावर तो गरम गोळा भराभर लाटत असायचीस, आणि लाटून झालं की कापणारी बाई पट्टी ठेवून सुरी फिरवायची. कडेचे तुकडे, मोडलेल्या वड्या, तो सगळा चुरा. त्यातला थोडा कामावरच्या बायकांना घरी न्यायला मिळायचा. तुझ्या बोटांना पाकाचे चटके बसून बसून त्यांची चामडी गुळगुळीत झाली होती. तू गालाला हात लावलास की मला बोटांच्या रेषा लागायच्या नाहीत.

पहिल्याच आठवड्यात तू डब्यात तो चुरा भरलास आणि म्हणालीस, मैत्रिणींना दे, वाटून खाल्लं की माणसं जोडली जातात. मला मैत्रिणी नव्हत्या. माझं बोलणं ऐकून वर्ग हसायचा. ‘हितं’ म्हटलं की मागच्या बाकावरून तीन-चार आवाज ‘हितं, हितं’ करत यायचे. मग मी बोलणंच कमी केलं. पण चिक्की बघितल्यावर तीन मुली माझ्याजवळ आल्या. वर्गात त्यांची चालती होती. त्यांनी डबा घेतला, खाल्ला, रिकामा माझ्या हातात दिला आणि मला त्या सुट्टीत आपल्या शेजारी उभं राहू दिलं. दुसऱ्या दिवशी चिक्की नव्हती. मधली सुट्टी संपून मी वर्गात आले तर माझा बाक पाण्याने भिजवलेला. कुणी केलं ते सगळ्यांनी बघितलं होतं आणि कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी माझी चप्पल सापडली नाही. चौथ्या दिवशी मी तुझ्याकडे चिक्की मागितली.

मग ते रोजचंच झालं. चिक्की असेल त्या दिवशी मी नळापाशी त्या तिघींच्या बाजूला उभी आहे, त्या खातायत, मला त्यातला तुकडाही मिळत नाही, पण बाजूला उभी आहे. नसेल त्या दिवशी चाळीस मुलींच्या वर्गात माझ्याशी कुणी शब्द बोलत नाही, कारण त्यांनी तसं सांगितलेलं असतं. मार नव्हता गं. माराचं काहीतरी दाखवता आलं असतं. अबोल्याचा वळ उठत नाही. मी भिंतीला टेकून भाकरी खायचे आणि घंटा व्हायची वाट बघायचे.

आणि तू खूश होतीस. पोरीला मैत्रिणी मिळाल्या, पोरीचा डबा रोज फस्त होतो. कारखान्यात तू बायकांना सांगायचीस, त्यांच्या वाटचा चुरासुद्धा माझ्यासाठी मागून घ्यायचीस. एके दिवशी कारखाना बंद होता, चुरा नव्हता, तर मी सकाळी रडून गोंधळ घातला. मला शाळेत जायचं नव्हतं, पोट दुखत होतं. ते खरंच दुखत होतं. तू पाठीत धपाटा घातलास. “हावरटावानी काय करतीस? मैत्रिणी काय एका दिसात पळून चालल्यात?” मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. तुझा राग आला होता तो त्या धपाट्याचा नव्हता. तुला दिसत कसं नाही, याचा होता.

तरी तुझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. सहावीत गेले त्या जूनची गोष्ट. डबा घासता घासता तू म्हणालीस, तुझ्या मैत्रिणींच्या आया लय शिकलेल्या दिसतात, एवढी चिक्की खातात आणि एकदाही डब्यात काही घालून धाडत नाहीत. चेष्टेत म्हणालीस, पण हात थांबला होता तुझा. मी घाबरले. दोनच दिवसांनी डबा करवंदांनी भरून आला. मैत्रिणीच्या आईने दिलीत, मी म्हणाले. तुझा चेहरा काय फुलला! मीठ लावून तू ती खाल्लीस, चार कारखान्यात नेलीस. माझ्या हाताला ओरखडे होते. काय झालं विचारलंस, मी पडले म्हणाले, तू खोबरेल लावलंस. त्यानंतर डब्याचा विषय तू काढला नाहीस. सातवीत त्यातल्या दोघी दुसऱ्या गावी गेल्या आणि ते सगळं आपोआप विझलं. मी शिकले, हॉटेलच्या रिसेप्शनवर लागले, ‘हितं’चं ‘इथे’ झालं. तुला यातलं काही कळलं नाही.

आता ऐक. माझी मुलगी सहावीत आहे. याच गावात, चांगल्या शाळेत. मी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून आहे. तिचं पोट दुखतं का, चप्पल आहे का, वह्या ओल्या होऊन येतात का. काही नाही. पोर हसत जाते, हसत येते. मैत्रिणी तर एवढ्या की वाढदिवसाला खुर्च्या पुरल्या नाहीत. मला किती बरं वाटायचं ते तुला सांगू शकत नाही. माझ्या वाट्याला आलं ते हिच्या वाट्याला आलं नाही, जिंकले मी, असं वाटायचं. जून संपता संपता हा डबा पहिल्यांदा घरी आला. मैत्रिणीचा आहे, आत तांदळाची भाकरी होती, मस्त होती, मुलगी म्हणाली. मी डबा घासला आणि त्यात बेसनाचे लाडू भरून पाठवला. मग तो आठवड्यातून दोनदा तरी यायला लागला. कधी घावन, कधी उसळ. मी कधी चिवडा, कधी लाडू. दोन घरांचा असा भांड्यांचा व्यवहार चालू आहे, माझ्या आईने शिकवलेलं मी पाळते आहे, म्हणून मी आपली फुशारत होते.

गेल्या आठवड्यात शाळेने पालकांची सभा घेतली. मुलांना शाळेत होणारा त्रास कसा ओळखावा, हा विषय. समुपदेशनाच्या बाई आल्या होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसले. रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं. मधल्या सुट्टीचा विषय निघाला की मूल गप्प होतं. घरातून खाऊ, वस्तू जास्त न्यायला मागतं, नाही म्हटलं तर कासावीस होतं. दर ओळीला मला माझी पाचवी दिसत होती आणि अक्षर वाकडं येत होतं. त्या म्हणाल्या, ‘कुणी त्रास देतं का’ असं थेट विचारलं तर मूल नाही म्हणतं. त्यापेक्षा विचारा, आज मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसलीस, कोण काय खात होतं. मूल सांगेल ते मध्ये न तोडता ऐका. तूही दोन ठेवून दे, असं शिकवू नका. आधी वर्गशिक्षकांशी बोला, परस्पर दुसऱ्याच्या घरी जाऊ नका. हे सगळं मी उतरवलं. शेवटी त्या म्हणाल्या, आणि आपल्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्याच्या वस्तू येत असतील तर तेही बघा, ‘मैत्रिणीने दिलं’ यावर थांबू नका. ते मी उतरवलं नाही. ते बाकीच्या पालकांसाठी होतं. आपला तो बाब्या.

घरी आले तर हा डबा घासलेल्या भांड्यांत पालथा पडलेला. मी तो बघत उभी राहिले. मग दप्तर उघडलं. आत एक कंपास, दोन केसांचे पट्टे, स्केचपेनांचा संच, सुट्टीला इथल्या बंगल्यांवर येणारी मुंबईची पोरं विसरून जातात तसल्या वस्तू. यातलं मी काही घेतलेलं नव्हतं. मुलीला हाक मारली आणि बाईंनी शिकवलं होतं तसंच विचारलं, “ही डबेवाली मैत्रीण मधल्या सुट्टीत काय खाते?” तिला प्रश्न कळला नाही. “ती नाही खात,” म्हणाली, “ती आमच्या बाजूला बसते.” मग लाडू कुणी खाल्ले? “आम्ही.” आणि डबा? “डबा देतो ना तिला परत.” रिकामा. मी तो कंपास पुन्हा उचलला, तर तीच घाईघाईने म्हणाली, “आम्ही तिला मारत वगैरे नाही, मम्मी. ती स्वतःहून देते.”

माझा हात उठला होता. मग तुझा धपाटा आठवला आणि खाली आला. मला माझ्या लेकीची किळस आली, हे तुलाच सांगते. आपण नऊ महिने वाढवलेलं, न्हाऊमाखू घातलेलं पोर, आणि त्याच्या तोंडातून त्या तिघींचा आवाज. मी रात्रंदिवस पहारा दिला तो भलत्याच दाराशी. काखेत कळसा म्हणतात तो असा.

डबा दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर परत गेला, आणि काय करावं यात माझे चार दिवस गेले. बाईंनी परस्पर जाऊ नका सांगितलं होतं, तरी मी आज सकाळी गेलेच. मुलीकडून त्या पोरीचा पत्ता काढून घेतला, तिला शाळेत सोडलं आणि मळवलीची गाडी धरली, एकच तर स्टेशन. शाळेला कळायच्या आधी आईला आईने सांगावं, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर शाळेत सांगायची लाज वाटत होती. एका बंगल्याच्या मागे त्यांच्या पत्र्याच्या दोन खोल्या, नवरा-बायको बंगल्याची राखण करतात, थोडी भातशेतीही आहे. पाहुणे येऊन गेले होते, पोरीची आई चादरी धुऊन पडवीत वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने हात पदराला पुसून माझे दोन्ही हात धरले. चहा टाकला. तिची मुलगी घरीच होती. पोट दुखतंय म्हणून शाळेत गेली नाही, बाई म्हणाली. पोर उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती.

मी वाक्य तोंडात जुळवत होते तेवढ्यात ती बाई म्हणाली, “ताई, तुमच्यामुळं जिवाचा घोर गेला माझ्या. गेल्या साली ही कुणाचं नाव काढत नव्हती. आता डबा कसा भरून येतो. परवाची जांभळं तर लय गोड व्हती. तुमच्या दारात झाड हाय व्हय?”

आई, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या दारात चपलांचं कपाट आहे. मी जांभळं कधी पाठवलीच नव्हती. लाडवांचं, चिवड्याचं त्या बाईने नावही काढलं नाही, ते तिथवर पोचलेच नव्हते. मी उंबऱ्याकडे बघितलं. पोरीची बोटं अजून जांभळी होती. तिने ती फ्रॉकखाली घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी काय म्हणते त्याची वाट बघत. त्या पत्र्याच्या खोलीत त्या क्षणी तिला काय वाटत होतं हे साऱ्या मावळात फक्त मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, “व्हय.”

वीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता. पोरीचे खांदे खाली आले. ती आत निघून गेली. मी चहा प्याले. बाईने चटणी कुटलेली होती, ती याच डब्यात भरून दिली, आणि मी ती घेऊन परत आले. सांगायला गेले होते, चटणी घेऊन आले. झाकली मूठ म्हणतात, पण या मुठीत दुसऱ्याचं पोर गुदमरतंय.

संध्याकाळी मुलीला सांगितलं, उद्या आधी तुझ्या वर्गशिक्षिकांकडे जायचं, मी सांगेन, तू ऐकशील. मग वस्तू घेऊन मळवलीला. ती म्हणाली, मी येणार नाही, सगळे हसतील. मी तिला मारणार नाही, ओढणारही नाही. ती येईपर्यंत दारात बसून राहणार आहे, कामावरून सुट्टी घेतली आहे. मी तिच्याजवळ बसून चिक्कीचं सगळं सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे केलं. ऐकत होती की नाही, कोण जाणे.

आणि डबा मी रिकामा नेणार आहे. चटणी वाटीत काढून, घासून, पुसून, रिकामा. तू असतीस तर मला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं असतंस. पण भरलेला नेला तर ती बाई आधी आत बघेल, हसेल, मला पुन्हा चहा पाजेल आणि मी पुन्हा ‘व्हय’ म्हणेन. रिकामा बघून ती विचारेल तरी.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. पिठाच्या डब्याखाली राहील. इतकी वर्षं मी त्या तिघींना एवढा बोल लावला नाही जेवढा तुला लावला, तेही चुकलंच. त्या करवंदांचं सांगायचं राहिलं. ती कुणाच्या आईने पाठवली नव्हती. शाळेमागच्या टेकडीवर जाऊन मीच तोडली होती, काट्यांत हात घालून. तू उजव्या हाताला खोबरेल लावलंस, तेव्हा मी डावाही पुढे केला होता. त्याला काहीच झालेलं नव्हतं, आई. तू पुन्हा विचारशील म्हणून केला होता.